होक्काइडो अंकल

काकांच्या घरी मी भाडेकरू म्हणून राहायला गेले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांच्या फ्रीजमध्ये मला एक मेलेलं जनावर सापडलं. दूध काढायला दार उघडलं, तर खालच्या कप्प्यात कोथिंबिरीच्या शेजारी, पारदर्शक पिशवीत नीट घडी घालून ठेवलेलं काहीतरी करडं, केसाळ. मी किंचाळले नाही. मी जीवशास्त्रातली पोस्टडॉक, आमच्या लॅबच्या फ्रीजमध्ये याहून भयंकर गोष्टी असतात. पण त्या आम्ही कोथिंबिरीशेजारी ठेवत नाही.

"काका, फ्रीजमध्ये काय मेलंय?" मी ओरडून विचारलं.

काका हॉलमध्ये पेपर वाचत बसले होते. अंगात बनियन, खाली अर्धी चड्डी आणि पायांत पोटऱ्यांपर्यंत येणारे, टणक प्लास्टिकचे, लाल रंगाचे बूट. बाहेर नेहमीचं सिंगापुरी ऊन रटरटत होतं.

"मेलेलं नाही काही. स्किन आहेत माझ्या," ते पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "आणि आधी ते दार लाव. गोंद वितळतो."

एका वाक्यात एवढ्या शंका मला पूर्वी कोणी दिल्या नव्हत्या. चहा होईपर्यंत काकांनी सगळं समजावून सांगितलं. बर्फाच्या डोंगरावर पाळण्यात बसून वर जायचं आणि स्कीवरून घसरत खाली यायचं, हे सगळेच करतात. पण काही वेडे पाळणा सोडून स्कीवरूनच चालत वर जातात, त्याला स्की टूरिंग म्हणतात. त्यासाठी स्कीच्या तळाला हे केसाळ पट्टे चिकटवायचे. मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसं, एका बाजूनं केस गुळगुळीत, उलट्या बाजूनं अडतात. म्हणजे पाय पुढे सरकतो, मागे घसरत नाही. माथ्यावर पोचलं की पट्टे उपटायचे, घडी करून जॅकेटात घालायचे आणि सुसाट खाली. पट्ट्याच्या एका बाजूला कायमचा गोंद असतो आणि तो आमच्या मरीन परेड भागातल्या दमट हवेत पाघळतो, म्हणून मुक्काम फ्रीजमध्ये.

"आणि बूट?"

"पायाला सवय हवी. नवीन आहेत."

म्हणजे हे गृहस्थ रोज संध्याकाळी बातम्या बघताना ते बूट घालायचे आणि जाहिराती लागल्या की घरभर खाड खाड फेऱ्या मारायचे. खोलीची जाहिरात महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकताना यांनीच लिहिलं होतं, 'शांत स्वभावाची मुलगी हवी, मिक्सर रात्री लावू नये.' खालच्या मजल्यावरची चिनी आंटी एकदा वर आली. चेहरा अगदी काळजीचा. "अंकल, युअर हाउस गॉट हॉर्स अह?" तिनं विचारलं. काकांनी तिला आत बोलावून बूट दाखवले, पट्टे दाखवले, चकली दिली. ती खाली गेली ती खूष होऊन, पण घोड्याऐवजी हे बघून तिची काळजी कमी झाली असेल असं मला वाटत नाही.

आमचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर. काका लिफ्ट फक्त उतरायला वापरायचे. चढताना पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या. जिन्यात ती आंटी भेटली की विचारायची, "लिफ्ट स्पॉइल अह?" आणि काका धापा टाकत म्हणायचे, "नो नो. होक्काइडो." जपानच्या त्या उत्तरेकडच्या बेटाचा आमच्या जिन्याशी काय संबंध, हे तिला शेवटपर्यंत कळलं नसावं, पण सगळ्या ब्लॉकमध्ये काकांचं नाव होक्काइडो अंकल पडलं. कुरिअरवाला सुद्धा पत्ता न बघता विचारायचा, "होक्काइडो अंकल होम?" आणि सॅकमधला तो तांदूळ महिनाअखेरीला आमच्या भातात यायचा. जिने चढून आलेला भात जरा मोकळा होतो, असं काका गंभीरपणे सांगायचे.

हे सगळं एखाद्या साहसी माणसानं केलं असतं तर मला नवल वाटलं नसतं. पण काका आयुष्यभर बँकेच्या जोखीम खात्यात होते. बाकीच्यांनी उत्साहानं सौदे घेऊन यायचं आणि काकांनी थंडपणे विचारायचं, "वाईटात वाईट काय होईल?" निवृत्त झाल्यावर बँक सुटली, प्रश्न सुटला नाही. मी मैत्रिणींबरोबर बोटीनं इंडोनेशियातल्या बाटमला जायला निघाले, तेव्हा मला दारात उभं करून विचारलं, "वाईटात वाईट काय?" मी म्हटलं, "बोट लागेल, उलट्या होतील." "पुढे?" "पासपोर्ट हरवेल." "पुढे?" "काका, बोट बुडेल आणि मी मरेन, झालं समाधान?" त्यावर अगदी प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, "आता जा. शेवटपर्यंत विचार केलेला माणूस आनंदात फिरतो." बोटीवर मी सगळा वेळ लाइफ जॅकेटं कुठे आहेत ते बघत बसले. आनंदात कसली फिरतेय!

असा माणूस साठीच्या तोंडावर बर्फात कसा गेला, हे त्यांनी मला एका रविवारी मेथी निवडता निवडता सांगितलं.

काकू जाऊन वर्ष होत आलं होतं. मुलगी मुग्धा, एकुलती एक, जन्म इथलाच, सिंगापुरातच आंग मो किओला एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत इंजिनिअर आणि तिथेच राहायची. दर रविवारी ती वडिलांकडे जेवायला यायची. काका वरण-भात लावायचे. मग दोघं समोरासमोर बसायचे. "काम कसं चाललंय?" "ओके लाह." "जेवण?" "नाइस, डॅड." संपलं. काकू होत्या तोवर दोघांचं बोलणं काकूंमधून व्हायचं. मधला माणूसच गेल्यावर दोघांकडे एकमेकांशी बोलायची भाषाच राहिली नाही, असं काका म्हणाले. मराठीत तिला सुचायचं नाही, इंग्रजीत यांना मनातलं सांगता यायचं नाही.

त्या डिसेंबरात मुग्धाचं ऑफिसातल्या लोकांबरोबर होक्काइडोला जायचं ठरलं. काकूंच्या वर्षश्राद्धानंतर वडील घरात एकटे नकोत, म्हणून ती त्यांनाही ओढून घेऊन गेली. काकांनी विमानात बसेपर्यंत तिला हाडांच्या फ्रॅक्चरचे सगळे प्रकार ऐकवले. तिथे लांब स्की पायाला बांधल्या आणि यांचा एक पाय पूर्वेला, एक पश्चिमेला. शिकवणाऱ्याला दया आली. त्यानं आतून स्कीबोर्ड आणून दिले. स्कीबोर्ड म्हणजे आखूड, रुंद स्की, हातात काठ्या नाहीत, वळायला सोप्या. काका त्यावर उभे राहिले, चार हात गेले आणि एका जपानी आजींच्या पायाशी लोटांगण घातलं. आजी घाबरून उलट यांनाच वाकून नमस्कार करायला लागल्या.

"आणि मुग्धा हसली," काका म्हणाले. मेथीची जुडी तशीच हातात. "अगं, वर्षभरात मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. पोट धरून हसत होती. मग मी परत वर गेलो. त्या दिवशी ती हसावी म्हणून मी दोनदा मुद्दाम पडलो."

"आणि बाकीच्या वेळा?"

"बाकीच्या वेळा खरंच पडलो."

मुग्धा चांगली लांब स्कीवरून सफाईनं जाणारी. पण दुसऱ्या दिवशी तिनंही त्या परत करून स्कीबोर्ड घेतले. सगळ्या डोंगरावर आखूड फळकुटांवरचे दोघेच, बाप आणि लेक. तरुण पोरं बोट दाखवून हसायची म्हणे. काकांना त्याचं काही वाटायचं नाही. मुग्धाला वाटायचं, पण ती म्हणायची, "लेट देम लाफ लाह, वी आर हॅविंग मोअर फन." पुढच्या वर्षी तिनं टूरिंगचं काढलं. काकांना आधी कळेना, पाळणा असताना चालायचं कशाला? पण पहिल्याच चढणीवर गाइडनं नियम सांगितला की, बोलता येईल इतक्याच वेगानं चढायचं. बोलताना दम लागला की वेग जास्त झाला. चढताना घाम आला तर वर थंडीत तोच गोठतो, म्हणून हा नियम.

"म्हणजे बोलणं भागच ना!" काका म्हणाले. "पुढे मुग्धा, मागे मी. ती दर थोड्या वेळानं विचारणार, डॅड, ओके? मी नुसतं ओके म्हटलं तर गाइडला पटेना. वाक्य बोला म्हणाला. मग काय बोलणार? मी आपलं डोशाचं पीठ इथे का लवकर आंबतं ते सांगायला लागलो. तिनं तिच्या बॉसचं सांगितलं. आणि मग अर्ध्या डोंगरावर तिनं मला एकदम विचारलं, आई आजारी होती ते तुम्ही मला एवढ्या उशिरा का सांगितलंत?"

मेथी निवडायचं थांबलंच होतं.

"घरी विचारलं असतं तर मी उठून चहा टाकायला गेलो असतो. तिथे कुठे जाणार? पायाला फळ्या बांधलेल्या! उत्तर द्यावं लागलं. तिच्या पाठीकडे बघत दिलं, म्हणून देता आलं."

काय उत्तर दिलं ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. त्यानंतर मात्र दर वर्षी दोघं जायला लागले. इतर बाप आणि लेकी एकमेकांना फोन करतात, ही दोघं डोंगर चढायची. मुग्धा रविवारी आली की मला आतून त्यांचा कालवा ऐकू यायचा. नकाशे पसरलेले, तिचं इंग्रजी, यांचं मराठी, आणि मधेच, "डॅड, यू डोन्ट अँगा लाह, कॅन वन!" असली खिचडी. 'सगळं अंगावर घेऊ नका, जमेल' याचं इंग्रजी तिनं परस्पर करून टाकलं होतं. मी भाडेकरू असून मला त्या घराचा हेवा वाटायचा. माझे वडील माझ्याशी पुण्याहून फक्त हवामानावर बोलतात.

या सगळ्यात एक डोंगर काकांच्या डोक्यात बसला होता. फार मोठा नाही, पण पाळणा नाही, रस्ता नाही, आपल्या पायांनी जायचं तरच वर. पहिल्या वर्षी तिथे वारा सुटला आणि माघारी आले. दुसऱ्या वर्षी काकांचा उजवा गुडघा सुजला, पुन्हा माघारी. मुग्धा एकटी सहज पोचली असती. पण काकांनी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं, वर गेलो तर दोघं, नाहीतर कोणीच नाही. तिसऱ्या वर्षी डॉक्टर म्हणाले, गुडघा बदलावा लागेल. त्यानंतर चालाल, फिराल, सपाटीवर थोडं घसरालही, पण तासन्‌तास डोंगर चढणं विसरा. काकांनी मार्चमधली तारीख घेतली आणि फेब्रुवारीची विमानाची तिकिटं काढली.

"आता किंवा कधीच नाही, असं आहे बघ," ते मला म्हणाले. एरवी प्रत्येक गोष्टीत वाईटात वाईट शोधणारा माणूस, पण या एका बाबतीत तो प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. विचारायला हवा होता.

कारण मधे आली खंडेनवमी. काकांचे वडील चिंचवडला कारखान्यात फिटर. त्या दिवशी लेथला हळदकुंकू, पान्यांना हळदकुंकू, झेंडूची माळ, मशीन बंद. काका बँकेत लागल्यावर कॉम्प्युटरला कुंकू लावायचे आणि निवृत्त झाल्यावर स्कीबोर्डांना. टेक्का मार्केटातून झेंडू आणायचा, पाटावर लाल कापड, त्यावर दोघांचे स्कीबोर्ड, हेल्मेटं, चढताना टेकायच्या काठ्या, बर्फ उकरायचं फावडं, सगळं ओळीनं. साग्रसंगीत पूजा. एकदा मुग्धा हेल्मेट घालायला गेली तर केसांत अक्षता. "डॅड, यू पुट राइस इन माय हेल्मेट अह?" "राहू दे," काका म्हणाले, "डोकं ठिकाणावर राहतं."

त्या वर्षी मी मुद्दाम सुट्टी काढून पूजेला थांबले होते. काकांनी फ्रीजमधून स्वतःच्या स्किन काढल्या आणि उलगडून पाटावर मांडल्या. गोंदाची बाजू वर.

"काका, चिकटेल हो सगळं," मी म्हटलं.

"वर नेणारं खरं हत्यार हेच," ते म्हणाले. "इतकी वर्षं याचीच पूजा राहिली. म्हणून तर दोनदा माघारी आलो."

जोखीम खात्यातला माणूस हा! त्यांनी मनोभावे हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, उदबत्ती ओवाळली. डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले. ऑक्टोबरचा उकाडा, पंखा पूजेसाठी बंद. गोंद आधीच मऊ झालेला, त्यानं सगळं आत ओढून घेतलं. संध्याकाळी काका चिमट्यानं एकेक तांदूळ वेचत बसले. मग बोटानं दाबून बघितलं, चांगलं चिकटत होतं. इथल्या हवेत चिकटणारच. "निघालं सगळं," म्हणाले आणि घडी करून पुन्हा कोथिंबिरीशेजारी ठेवून दिलं. मुग्धाच्या स्किन आंग मो किओला होत्या, त्या वाचल्या.

फेब्रुवारीत मीही गेले. मुग्धाच म्हणाली, "यू कम लाह. दोघं वर पोचलो की फोटो काढायला कोण?" मी बर्फ जन्मात बघितला नव्हता. माझ्या पायांत बर्फावर चालायचे ते टेनिसच्या रॅकेटसारखे रुंद तळवे बांधले. अर्ध्या वाटेवर एक लाकडी झोपडी आहे, आत शेगडी, चालायला आलेले लोक तिथे बसतात. मी तिथवर जायचं, मग हे दोघं आणि गाइड माथ्यावर जाऊन येईपर्यंत तिथेच थांबायचं, असं ठरलं होतं.

सकाळ इतकी लख्ख होती की मला रडूच आलं. निळं आकाश, पांढरी झाडं, आणि पुढे काका आपल्या आखूड फळ्यांवर सर्र सर्र करत चाललेले. तोंड चालू. मुग्धाला ते कारल्याच्या भाजीत गूळ आधी की नंतर ते सांगत होते. मी मागून ऐकत होते. मनात आलं, या माणसाला आज पोचू दे, देवा, बाकी काही मागत नाही.

झोपडी दिसायला लागली तेवढ्यात काकांच्या उजव्या पायाखालचा पट्टा मागून सुटला. गाइडनं बर्फ पुसला, पुन्हा चिकटवला. दहा पावलांवर पुन्हा सुटला. मग डावाही. झोपडीपर्यंत काका जवळजवळ पट्टे ओढतच आले. गाइडनं ते शेगडीजवळ नेऊन उजेडात धरले. गोंदात सगळीकडे पिवळे-लाल डाग, आणि डागांच्या मधोमध रुतलेला एक तांदळाचा दाणा. थंडीत त्या डागांवर गोंद धरतच नव्हता. त्यानं तो दाणा नखानं काढून तळहातावर घेतला.

"राइस?" त्यानं विचारलं.

"येस," काका ताठ उभे राहून म्हणाले. "ब्लेस्ड."

बिचाऱ्यानं दाणा आदरानं कठड्यावर ठेवला. मग सगळं करून पाहिलं. पट्टे कोटाच्या आत घालून गरम केले, वरून चिकटपट्टी गुंडाळली, बकलाचे पट्टे आवळले. काका बाहेर चढावर दोन पावलं गेले की पुन्हा तेच. इथून पुढे चढ खडा होता आणि बर्फ टणक. गाइड नाही म्हणाला नाही, पण दातांतून हवा आत ओढली आणि मान कलती केली. काकांना ते कळलं. बँकेत आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं.

"ओके, वी ऑल गो डाऊन," मुग्धा म्हणाली आणि वाकून बूट सैल करायला लागली.

"तू जा वर," काका म्हणाले.

"नो."

"मुग्धा, गाइड आहे, हवा आहे, वेळ आहे. जा."

"वी सेड टुगेदर! तुम्हीच म्हणालात, दोघं, नाहीतर कोणीच नाही!"

"ते मी म्हणालो होतो. आता मीच मोडतो."

आणि मग मुग्धाचा तोल गेला. झोपडीतले जपानी लोक कपात बघायला लागले. एरवी इंग्रजीत बोलणारी ती पोरगी मोडक्यातोडक्या मराठीत ओरडली, "तुमच्या अक्षतांनी केलं हे! वर्षभर तुम्ही जिने चढले, वर्षभर! आणि तुम्हीच घाण केली त्याची! मला एकटीला नाही जायचं वर. तिथे काय आहे? काहीच नाही आहे तिथे!" आणि ढसाढसा रडायला लागली.

"हो, माझंच चुकलं," काका म्हणाले. "पण माझ्या गुडघ्याची शिक्षा तुझ्या पायांना का? माझ्यासाठी तू दोन वर्षं खालून परत आलीस. पुढच्या वर्षीपासून मी नसणार. मग काय करशील, डोंगरच सोडशील? माझ्यामुळे तू डोंगर सोडलास तर मला ते सहन होणार नाही, पोरी. जा."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी, जा म्हणून, मान डोलावली. तिनं बाहीनं डोळे पुसले, गॉगल लावला आणि गाइडमागून निघाली. काका दारात उभे राहून बघत होते. ती झाडांच्या वर गेली, ठिपका झाली, दिसेनाशी झाली, तरी उभेच. मग बाहेरच्या बाकावर बसले आणि रडले. लपवलं नाही, तोंड फिरवलं नाही, लहान मुलासारखे रडले. मी थर्मासमधला चहा ओतून हातात दिला, तो तसाच गार झाला.

"मला तिच्याबरोबर वर उभं राहायचं होतं गं," ते म्हणाले. "बाकी काही नको होतं. नुसतं शेजारी उभं राहायचं होतं."

मला त्यांचा इतका कळवळा आला की मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. एरवी माझी हिंमत झाली नसती. आम्ही खूप वेळ तसेच बसलो. थंडीनं माझी बोटं बधिर झाली. ते आत यायला तयार नव्हते.

मग वरून ती आली. आधी नुसता बर्फाचा धुरळा दिसला, मग त्यातून ती. आखूड फळ्या, हात मोकळे, डावीकडे झुकून, उजवीकडे झुकून, झाडांमधून वाट काढत, मधेच एका उंचवट्यावरून अलगद उडाली आणि उतरून तशीच पुढे. तिला खाली यायची घाई नव्हती आणि भीती तर नव्हतीच. मला स्कीतलं ओ की ठो कळत नाही, पण तेव्हा श्वास रोखून बघत राहिले.

काका उठून उभे राहिले होते. "ही अशी जाते?" त्यांनी मला विचारलं.

"म्हणजे? तुम्ही बघितलंय ना दर वर्षी?"

"कुठे बघितलंय! ही कायम पुढे, मी मागे, आणि माझे डोळे माझ्या पायांवर. मी खाली पोचेपर्यंत ही उभी असते वाट बघत." ते पुन्हा वर बघायला लागले. "मी हिला कधी बघितलंच नाही गं. अशी जाते ही? केवढी सुरेख जाते!"

मुग्धा झोपडीपाशी येऊन थांबली. गॉगल वर केला. डोळे अजून लालच होते. "डॅड, वर काहीच नव्हतं," ती घाईनं म्हणाली. "क्लाउड होता सगळा. नथिंग टू सी, रिअली." माथा तिच्यामागे निळ्या आकाशात स्वच्छ चमकत होता. गाइडला मराठी येत नव्हतं, तरी त्यानं नजर खाली वळवली.

"असू दे," काका म्हणाले. "परत जा."

"हं?"

"त्या मोठ्या झाडापर्यंतच जा. आणि परत तशीच ये. मघाशी डोळ्यांत पाणी होतं, मला नीट दिसलं नाही."

मुग्धा वडिलांकडे बघतच राहिली. मग तिनं गाइडकडे बघितलं, त्यानं घड्याळ पाहून मान डोलावली. तिनं खाली बसून पुन्हा पट्टे चिकटवले. मधेच नाक ओढलं, मधेच हसली आणि निघाली. काकांनी गॉगल काढून बनियनच्या टोकानं स्वच्छ पुसला, डोळे पुसले, बाकावर डोंगराकडे नीट तोंड करून बसले आणि मला कोपरानं ढोसलं.

"सरक जरा," म्हणाले. "मधे येतेस."